बाद झालेल्यांचा तास

बी.पी.एड.च्या, म्हणजे शारीरिक शिक्षणाच्या पदवीच्या, दुसऱ्या वर्षाला आहे असं सांगितलं की बहुतेकजण विचारतात, "म्हणजे पीटीची बाई होणार?" हो, होणार. मला तेच व्हायचं आहे. गणपतीत आत्याने सगळ्यांसमोर विचारलं, "अगं, शिट्टी वाजवायला दोन वर्षं कॉलेज कशाला लागतं?" तेवढ्यात आरती सुरू झाली आणि उत्तर राहून गेलं. ते आज सविस्तर लिहिते.

पदवीनंतर सीईटी द्यावी लागते. लेखी परीक्षा असते आणि मैदानी चाचणीही असते. पूर्वी हा अभ्यासक्रम एका वर्षाचा होता, २०१४ च्या नियमावलीनंतर तो दोन वर्षांचा, चार सत्रांचा झाला. शरीररचना, व्यायामाचं शरीरक्रियाशास्त्र, बायोमेकॅनिक्स (हालचालींमागचं यंत्रशास्त्र), क्रीडा मानसशास्त्र, चाचणी आणि मापन, स्पर्धांचं आयोजन, पंचगिरी आणि शाळांमध्ये जाऊन घ्यायचे सराव पाठ असे विषय आहेत. मी कॉमर्सची. २०६ हाडांची नावं पाठ करताना पहिले काही आठवडे जड गेले, पण शरीरक्रियाशास्त्र सुरू झालं आणि मी त्यात पुरती गुंतले.

त्याला कारण आहे. मी मुंबईत काळाचौकीत वाढले, शाळेपासून कबड्डी खेळले. माझे आजोबा गिरणीच्या संघातून खेळायचे. गिरण्या, बँका, रेल्वे, पोलीस असे सगळ्यांचे संघ असायचे आणि चांगल्या चढाईपटूला नोकरी मिळायची. त्यामुळे आमच्या घरी कबड्डीकडे कधी टाइमपास म्हणून पाहिलं गेलं नाही. चढाई तीस सेकंदांची असते. पंधरा-वीस सेकंदांनंतर मांड्या पेटायला लागतात, हे मला अंगाने ठाऊक होतं, त्यामागचं कारण वर्गात कळलं. जोराच्या हालचालीत पहिले साधारण दहा सेकंद स्नायू स्वतःजवळ साठवलेल्या एटीपी आणि क्रिएटिन फॉस्फेट या झटपट इंधनांवर मुख्यतः चालतात. तो साठा ओसरला की ग्लायकोजन (स्नायूंत साठवलेली साखर) ऑक्सिजनशिवाय मोडून ऊर्जा मिळवण्यावर भर येतो, आणि पुढे दीड-दोन मिनिटांनी ऑक्सिजनवर चालणारी संथ यंत्रणा बराचसा भार उचलते. म्हणजे चढाईचा शेवटचा अर्धा भाग नेमका दुसऱ्या यंत्रणेच्या हद्दीत येतो. दुसऱ्या दिवशी पाय भरून येतात त्याला "लॅक्टिक ॲसिड साचलं" म्हणायची मैदानावर सवय आहे. पण ते व्यायामानंतर साधारण तासाभरात निघून जातं. दुखतं ते स्नायूंच्या तंतूंना झालेल्या बारीक इजांमुळे, आणि एक ते तीन दिवसांत ते सगळ्यात जास्त जाणवतं.

याच प्रकरणात आणखी एक गोष्ट शिकले, आणि ती माझ्या पुढच्या सगळ्या कामाच्या मुळाशी आहे. लहान मुलांची ही दुसरी, ऑक्सिजनशिवाय चालणारी यंत्रणा मोठ्यांइतकी तयार झालेली नसते, पण छोट्या, जोराच्या धावेनंतर ती मोठ्यांपेक्षा लवकर सावरतात. धावायचं, क्षणभर थांबायचं, पुन्हा धावायचं, हीच त्यांची चाल. मधल्या सुट्टीत कुठलंही मूल बघा. आणि आपण पीटीच्या तासाला त्यांना काय करायला लावतो? रांगेत उभं करतो.

परळ भागातल्या ज्या महापालिका शाळेत माझे सराव पाठ चालू आहेत, तिथे एकाच इमारतीत मराठी, हिंदी आणि उर्दू अशा तीन माध्यमांच्या शाळा भरतात. अंगण एकच, तेही आळीपाळीने मिळतं. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला मैदान हवं असं लिहिलेलं आहे, पण मुंबईत शाळेच्या वाट्याला बहुतेक वेळा असंच काहीतरी येतं. खो-खोचं क्रीडांगण २७ बाय १६ मीटरचं, ते इथे बसत नाही. कबड्डीचं १३ बाय १० मीटरचं, महिलांचं १२ बाय ८, ते आखता येतं. गिरणगावात कबड्डी इतकी का रुजली याचं एक कारण मला यात दिसतं. दोन चाळींच्या मधल्या जागेत ती मावते.

तर तास ३५ मिनिटांचा. हजेरी आणि वॉर्म-अपची ५ मिनिटं सोडली की ३० उरतात. वर्गात ४० मुलं. उभी लांब उडी शिकवायची आहे आणि रांग एकच. एका मुलाला उडी मारून बाजूला व्हायला १५ सेकंद धरले तर एक फेरी १० मिनिटांची झाली. अर्ध्या तासात प्रत्येकाच्या वाट्याला तीन उड्या, म्हणजे पाऊण मिनिट. बाकीचा वेळ पुढच्याच्या शर्टाकडे बघत उभं राहायचं. आता खडूने दहा रेघा आखल्या, प्रत्येक रेघेवर चारच मुलं, तर एक फेरी एका मिनिटाची आणि वाट्याला तीस उड्या, साडेसात मिनिटं. तेवढीच जागा, तीच मुलं, खर्च खडूच्या एका कांडीचा. पाच ते सतरा वयाच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटं तरी दम लागेल अशी हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. शाळेतून घरी गेल्यावर दहा बाय दहाच्या खोलीत ती कुठे करायची? अनेक मुलांसाठी हा तास हीच हालचालीची एकमेव जागा आहे, म्हणून मला त्यातलं एकेक मिनिट महत्त्वाचं वाटतं.

रांगेहूनही मला खटकतात ते बाद करणारे खेळ. संगीत खुर्ची घ्या, डॉजबॉल घ्या. सगळ्यात आधी बाद होतं ते सगळ्यात हळू मूल. म्हणजे ज्याला पळण्याची सर्वांत जास्त गरज आहे, तेच सगळ्यात जास्त वेळ भिंतीला टेकून बसतं. आणि जे आधीच चपळ आहे ते शेवटपर्यंत खेळून आणखी चपळ होतं. वर्षानुवर्षं दर आठवड्याला हे होत राहिलं, तर त्या बसलेल्या मुलाला "मला खेळता येत नाही" हेच आपण शिकवलं ना?

यावर उपाय आपल्याच मातीत फार पूर्वी काढलेला आहे. हुतूतूचे, म्हणजे जुन्या कबड्डीचे, तीन प्रकार होते. गामिनीत बाद झालेला खेळाडू संपूर्ण संघ बाद होईपर्यंत बाहेरच. अमरमध्ये कुणी बाहेर जातच नाही, फक्त गुण मोजायचे. आणि संजीवनीत समोरचा एक बाद झाला की आपला एक उठतो. आजची कबड्डी संजीवनीच्या वाटेने आली. मी डॉजबॉलला हाच नियम लावला. समोरचा बाद झाला की आपल्यातला सगळ्यात आधी बसलेला आत येणार. आता बसलेली मुलं भिंतीकडे तोंड करून गप्पा मारत नाहीत, आपला नंबर कितवा ते मोजत असतात आणि आतल्यांना ओरडून सांगत असतात. सातवीतला एक मुलगा आधी पोट दुखतं सांगून वर्गातच थांबायचा, तो आता चेंडूची जाळी आणायला पुढे येतो.

स्पर्धांच्या आयोजनाचा पेपर मी याच नजरेने वाचला. आमच्या बॅचमध्ये या विषयाला सोपा म्हणतात, कारण सूत्रं मोजकीच आहेत. माझ्या मते संपूर्ण अभ्यासक्रमातला सगळ्यात मोठा निर्णय याच सूत्रांत आहे. पाचवी ते आठवी, प्रत्येकी चार तुकड्या, असे सोळा संघ धरा. बाद पद्धतीने (हरला तो संघ बाहेर) सामने होतात संघांपेक्षा एक कमी, म्हणजे १५. सुटसुटीत. पण पहिल्या फेरीतच आठ संघ घरी जातात. अर्ध्या शाळेचा क्रीडा महोत्सव एका सामन्यात संपतो! साखळी पद्धत (प्रत्येक संघ प्रत्येकाशी खेळतो) घेतली तर १२० सामने, ते कुठल्याही शाळेला झेपणार नाहीत. मधला मार्ग गटवार साखळीचा. चार-चार संघांचे चार गट, प्रत्येक गटात सहा सामने, असे २४, मग गटविजेत्यांचे दोन उपांत्य आणि एक अंतिम. एकूण २७. प्रत्येक संघाला किमान तीन सामने मिळतात. बाद पद्धतीपेक्षा फक्त बारा सामने जास्त. एका सामन्याला, बदलाबदल धरून, १५ मिनिटं दिली तर तीन तास जास्त लागतात. तीन तास! एवढ्यासाठी आपण आठ संघांना पहिल्या सामन्यानंतर घरी पाठवत आलो आहोत.

क्रीडा व्यवस्थापन म्हटलं की २०१४ ला सुरू झालेली प्रो कबड्डी, प्रायोजक, टीव्हीचे हक्क हे डोळ्यांसमोर येतं. माझी एक मैत्रीण त्याच क्षेत्राचा कोर्स करते आहे आणि मला तिचं कौतुक आहे, कारण लीगमुळे आमच्याकडच्या पोरांना पोटापाण्याचा नवा रस्ता दिसला. पण एका अंगणात तीन शाळांची मुलं आठवड्यातून किती वेळा खेळतील हे ठरवणं, हेही क्रीडा व्यवस्थापनच आहे, आणि त्याची माणसं फार कमी आहेत.

मुलींबद्दल वेगळं लिहायला हवं. आठवी-नववीच्या मुली पायरीवर बसून राहतात. "बाई, चक्कर येते," "बाई, दम लागतो." त्यांना आळशी म्हणून सोडून देण्याची पद्धत आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्ताल्पता आढळली, आणि १५ ते १९ च्या मुलींमध्ये ५९ टक्के. हिमोग्लोबिन कमी म्हणजे स्नायूंपर्यंत पोचणारा ऑक्सिजन कमी. ती मुलगी थोड्याशा धावेने खरोखरच दमते. तिला ओरडून काही होणार नाही. शाळेत दर आठवड्याला मिळणारी लोहाची गोळी ती घेते का, जेवणाबरोबर चहा पिते का (चहामुळे अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही), पाळीत खूप रक्तस्राव होतो का, हे विचारायचं, आईला भेटायचं, दवाखान्यात तपासून घ्यायला सांगायचं. आणि तोवर तिला पायरीवर न बसवता झेपेल तेवढं खेळवायचं. हे पीटीच्या बाईचं काम आहे. वर्गशिक्षिकेला ती बाकावर बसलेली दिसते, धावताना फक्त मला दिसते. पाळीबद्दल पुरुष शिक्षकांशी मुली बोलत नाहीत, म्हणून या विषयाला बायका जास्त यायला हव्यात असं मला मनापासून वाटतं.

सध्या शाळेच्या आंतरवर्गीय कबड्डीचं गटवार साखळीचं वेळापत्रक मी मुख्याध्यापिकांकडे दिलं आहे. २७ सामने ऐकून त्या आधी दचकल्या. मग चार शनिवारांच्या सकाळी कागदावर मांडून दाखवल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला, "पंच कुठून आणशील?" प्रश्न बरोबर आहे. नियमाप्रमाणे सामन्याला एक सरपंच (मुख्य पंच), दोन पंच, एक गुणलेखक आणि दोन सहायक गुणलेखक असे सहाजण लागतात. गुणलेखन मी आठवीच्या मुलामुलींना शिकवते आहे. बोनस, लोण (अख्खा संघ बाद), कोण बाद, कोण उठला, हे त्यांना झपाट्याने जमतंय, आणि त्यात खेळायला कचरणाऱ्या दोन मुली सगळ्यात पुढे आहेत. सहायक गुणलेखक म्हणून अंतिम रेषेवर त्यांनाच उभं करणार. पंच मात्र जाणते हवेत, मुलांना निर्णय समजावून सांगणारे. लालबाग, परळ, काळाचौकी, नायगाव भागात कबड्डी खेळलेलं कुणी हे वाचत असेल आणि शनिवारी सकाळी सात ते दहा मोकळं असेल, तर मला कळवा. मानधन नाही. चहा-नाश्ता शाळेकडून, शिट्टी माझ्याकडे जास्तीची आहे.