तुम्ही विचारलंत म्हणून: त्याच टकलूचा पुढचा भाग

आमच्या नाटकाच्या ग्रुपमधली मंडळी मला हमखास विचारतात, "तोच टकलू, तोच काळा सूट, तोच लाल टाय. पुढचा भाग आला म्हणून एवढ्या उड्या कसल्या मारता?" भाच्याची तक्रार आणखी सरळ आहे: "मामा, यात नुसतं थांबायचंच असतं. खेळायचं कधी?"

विषय 'हिटमॅन 2' या व्हिडिओ गेमचा, नोव्हेंबर 2018 मध्ये आलेल्या. नावात दोन असले तरी मुख्य मालिकेतला हा सातवा गेम. 2002 सालीही एक 'हिटमॅन 2' येऊन गेला होता, पण त्या गोंधळात आत्ता नको शिरायला. डोक्याच्या मागे बारकोड गोंदलेला भाडोत्री मारेकरी एजंट 47 हा नायक. ठरलेल्या माणसाला गाठायचं, बाकी कुणाला धक्का लावायचा नाही, कुणाच्या नजरेत भरायचं नाही, प्रेत सापडू द्यायचं नाही. एवढं जमलं की 'सायलेंट असॅसिन' असा शेरा मिळतो. बंदूक असतेच, पण ती बाहेर काढायची वेळ आली म्हणजे काहीतरी बिनसलंय.

तर भाच्याचं खरं आहे, थांबायचंच असतं. पण सांगलीत वाढलेल्या, राज्य नाट्य स्पर्धेसाठी विंगेत रात्री काढलेल्या माणसाला थांबण्याचं काय? विष्णुदास भाव्यांनी 1843 साली 'सीता स्वयंवर' केलं ते याच गावात. विंगेतून नाटक पाहणाऱ्याला कुणाची एंट्री कधी, कोण कुठल्या वाक्यावर वळणार, रंगमंच कधी रिकामा होणार, हे पाठ असतं. या गेममध्ये शेकडो माणसं आपापलं काम करत फिरत असतात आणि आपण त्यांच्या क्यूवर, म्हणजे पुढच्या हालचालीवर, टपून असतो. मग कपडे बदलायचे, वेटर नाहीतर माळी व्हायचं आणि कुणाच्याही नकळत त्यांच्या नाटकात घुसायचं.

जुन्या चाहत्यांचा जीव या वेषांतरातच अडकलेला. 2012 च्या 'अॅब्सोल्यूशन'ने नेमका तिथेच घोळ घातला. पोलिसाचा वेश केला की दिसेल तो पोलीस संशय घ्यायचा. मग वेश करायचा कशाला? 2016 च्या भागाने गाडी रुळावर आणली. आता ठरावीक माणसंच आपल्याला ओळखायची, बाकीचे फसायचे. पण तो तुकड्यातुकड्यांत विकला गेला आणि 2017 मध्ये स्क्वेअर एनिक्स या मालक कंपनीने आयओ इंटरॅक्टिव्ह या डॅनिश स्टुडिओतून अंग काढून घेतलं. संपलं आता, असंच आम्ही धरून चाललो होतो. पण स्टुडिओ स्वतंत्र झाला, मालिकेचे हक्क स्वतःकडे राखले आणि दीडेक वर्षात हा भाग आणला. आनंदाचा निम्मा वाटा तिथलाच आहे, हे कबूल.

उरलेला निम्मा मात्र गेममधला. ब्रीफकेस परत आली! बाहेरच्या माणसाला यात काहीच वाटणार नाही. पण लांब पल्ल्याची रायफल बॅगेत घालून, सूट घालून, साहेबासारखं गर्दीतून चालत जाणं हीच तर 47 ची ओळख. 2016 मध्ये ती बॅग नव्हती. रायफल पाठीला लटकवून कुठल्या पार्टीत शिरणार?

गर्दीतही आता लपता येतं, घोळक्यात मिसळलं की पाठलाग करणारा चुकतो. पण त्याचबरोबर आरसे आले. पहारेकऱ्याच्या मागून दबक्या पावलांनी जाताना समोरच्या आरशात तो तुम्हाला पाहू शकतो. वर्षानुवर्षं मागून येण्याची सवय लागलेल्या आम्हा मुरलेल्यांना त्या एका गोष्टीने पुन्हा नवशिके करून टाकलं. मला सगळ्यात जास्त हीच खोड आवडली.

आणि जुने नकाशे. पॅरिस, सापिएन्झा, माराकेश ही मागच्या भागातली ठिकाणं नव्यात घेता आली, ज्यांच्याकडे मागचा भाग होता त्यांना तर फुकट. पाठ झालेल्या गल्ल्यांत नवी बॅग, लपायला नवी झुडपं, नवे आरसे. कंपन्या सहसा आधीचं विसरायला लावतात, इथे जुनी मेहनत कामी आली.

गेममधल्या मुंबईबद्दल लिहिलं नाही तर ग्रुपमधले बोलतील. चाळी, झोपडपट्टी, लाँड्री, अर्धवट उभा रंगन टॉवर आणि तीन सावज. त्यातल्या वजीर काळेचा चेहराच माहीत नसतो; आधी त्याला गर्दीतून हुडकायचं. (वजीर नावाचे काळे कुणाला भेटले असतील तर कळवा.) न्हावी बनून त्याची दाढी करायचीही सोय आहे. शिवाय दुसऱ्या दोघांच्या मागावर आणखी एक भाडोत्री मारेकरी तिथेच बसलेला असतो. त्याच्यासमोर योग्य संधी जुळवून आणली की तोच तुमचं काम करतो आणि तुम्ही नामानिराळे.

खोट नाही असं नाही. कथेचे प्रसंग बहुतेक स्थिर चित्रांवर उरकलेत, पैसे कमी पडल्याचं दिसतं. इंटरनेट गेलं तर नवी हत्यारं मिळवणं वगैरे सगळं ठप्प, आणि आमच्याकडे पावसाळ्यात नेट कधी जाईल त्याचा नेम नसतो.

भाच्याला मी आता मुंबईच खेळायला दिली आहे. सावजापर्यंत पोचवणारं 'मिशन स्टोरीज'चं मार्गदर्शन सेटिंगमधून बंद करून. काळे कुठे असतो म्हणून तो रोज फोन करतो, आणि मी सांगत नाही.