काय बे, गाडी उलार होत नाही का?

सोलापूरला सुट्टीवर आलं की फोनमधल्या एका फोटोवर गप्पा हमखास अडकतात. मिशिगनमधल्या आमच्या ट्रेलरचा तो फोटो. ट्रेलर म्हणजे मोटारीमागे जोडून ओढायचं चाकांवरचं घर: आत पलंग, शेगडी, संडास, पाण्याच्या टाक्या. घराचं कौतुक दोन मिनिटांत संपतं. मग सगळ्यांचं बोट जातं मागच्या बाजूला बांधलेल्या दोन सायकलींवर.

"टपावर का नाही टाकत?" मामांचा पहिला प्रश्न. एसटीच्या टपावर सायकल टाकून मोहोळ-पंढरपूर केलेल्या माणसाला तो पडणारच. पण या घराचं छत म्हणजे पातळ प्लायवूडवर चिकटवलेला रबराचा थर. त्यावर एसी आणि हवेचे झरोके. शिवाय नुसत्या ट्रेलरची उंचीच सव्वातीन मीटरच्या आसपास. वर सायकली उभ्या केल्या तर पहिल्याच बुटक्या पुलाखाली निकाल लागेल.

खरा प्रश्न विचारला तो मित्राने. अक्कलकोट रोड एमआयडीसीत त्याचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. फोटो बोटांनी मोठा करत म्हणाला, "काय बे, एवढं मागं वजन टांगलास, गाडी उलार होत नाही का?"

अमेरिकेत हीच गोष्ट समजून घ्यायला लोक मोठमोठे लेख वाचतात. आमच्या मामांनी चहा पिता पिता सांगून टाकली. उसाच्या बैलगाडीत मोळ्या मागे जास्त पडल्या की जू वर उचलतं आणि गाडी बैलांच्या ताब्यात राहत नाही. ट्रेलरचंही अगदी तसंच. त्याच्या एकूण वजनापैकी साधारण 10 ते 15 टक्के वजन पुढच्या दांडीवर, म्हणजे मोटारीच्या हुकावर पडलं पाहिजे. त्याहून कमी झालं की ताशी शंभराच्या वेगात ट्रेलर डावी-उजवीकडे झोके घ्यायला लागतो, आणि शेजारून मोठा ट्रक गेला तर ते झोके वाढत जातात.

आता गणित बघा. समजा ट्रेलर 2500 किलोचा आहे आणि हुकावर 300 किलो पडतात, म्हणजे 12 टक्के. छान. बॅटरीवाल्या दोन सायकली प्रत्येकी 25 किलोच्या, रॅक 25 किलोचा, मिळून 75. चाकांच्या आसापासून हूक 5 मीटर पुढे आणि सायकली साडेतीन मीटर मागे. तराजूच्या नियमाने हुकावरचे साधारण 52 किलो कमी झाले. उरले 248, आणि एकूण वजन झालं 2575. म्हणजे दहा टक्केसुद्धा नाहीत! अडीच टनांच्या घरापुढे 75 किलो म्हणजे काहीच नाही, असं वाटतं. पण ते कुठे ठेवले यावर सगळं आहे. म्हणून जड सामान आसाच्या पुढे सरकवायचं, मागे पाण्याची टाकी असेल तर भरून निघायचं नाही, आणि सगळं लादून झालं की हायवेवरच्या ट्रकवाल्यांच्या वजनकाट्यावर गाडी चढवायची. इकडे ऊस काट्यावर नेतात, तिकडे आम्ही घर नेतो.

मित्राचा दुसरा आक्षेप बंपरवर होता. "हे बंपर हाय का पन्हाळी?" त्याने बरोबर ओळखलं. पुष्कळ ट्रेलरचं मागचं बंपर म्हणजे चार इंची चौकोनी पोकळ पाईप, पातळ पत्र्याचा, चासीच्या टोकांना वेल्ड केलेला. त्याची पोकळी कशासाठी, तर संडासाची टाकी रिकामी करायचा जाड नळ ठेवायला. (हे ऐकून मामींनी चहाचा कप खाली ठेवला.) त्यावर क्लँप मारून सायकली लावणारे लोक कमी नाहीत. एका कॅम्पग्राउंडवर आमच्या शेजारच्या ट्रेलरचं बंपर मी पाहिलं, सायकलींसकट खाली पिळवटलेलं. वेल्ड अजून सुटला नव्हता एवढंच.

वजनापेक्षा हिसक्यांचा मार मोठा. ट्रेलरचं मागचं टोक चाकांपासून लांब असल्यामुळे प्रत्येक खड्ड्याला ते मोटारीच्या डिकीपेक्षा कितीतरी जास्त उसळतं. त्यामुळेच मोटारीसाठी बनवलेल्या बऱ्याच रॅकच्या कागदपत्रांत लिहिलेलं असतं की हा ट्रेलरच्या मागे लावू नये. लावला आणि मोडला तर वॉरंटी नाही. ट्रेलरला चालतील असे वेगळे, जाड बांध्याचे रॅक मिळतात. आमचा तसाच आहे. तो बंपरवर नाही, चासीच्या दोन्ही मुख्य बीमना बोल्ट केलेल्या दोन इंची सॉकेटमध्ये बसतो. सायकली लटकत नाहीत, चाकांवर उभ्या राहतात. डोलू नये म्हणून सॉकेटमध्ये आवळायचा एक बोल्ट असतो, तो मी दर थांब्यावर हाताने तपासतो. मित्राने एवढं ऐकून घेतलं आणि "मग ठीक आहे, पण आडवा एक सपोर्ट अजून टाकला असतास," असं म्हणालाच.

पिकअप असती तर हा सगळा खटाटोप नको होता. सायकली मागच्या हौद्यात टाकल्या की झालं. आमची एसयूव्ही आहे. दांडीवर, गॅसच्या टाक्यांच्या वर बसवायचे रॅकही असतात. पण तिथे उलटी भानगड: हुकावरचं वजन वाढतं, त्याला मोटारीची मर्यादा असते, आणि कडक वळणावर हँडल मोटारीच्या काचेला टेकतं. घरात ठेवाव्यात तर चेनचं वंगण गादीला लागतं. ते घरच्यांना चालत नाही.

सायकली बॅटरीवाल्या असतील तर निघायच्या आधी बॅटऱ्या काढून आत घ्यायच्या, तेवढंच वजन मागून पुढे येतं. नंबरप्लेट आणि मागचे दिवे झाकले जात नाहीत ना, हे पाहायचं. ताडपत्री गुंडाळायचा मोह टाळायचा; ती वाऱ्याने फडफडून रंग खरवडते. धूळ मात्र बसतेच, ट्रेलरच्या मागे हवा भोवऱ्यासारखी फिरते. आणि झोके सुरू झालेच तर जोरात ब्रेक मारायचा नाही. ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि हाताशी असलेल्या बटणाने फक्त ट्रेलरचे ब्रेक हळूच लावायचे.

हे सगळं कशासाठी? मॅकिनॉ बेटासाठी. ह्युरॉन सरोवरातल्या या बेटावर 1898 पासून मोटारींना बंदी आहे. घोडागाडी, साधी सायकल नाहीतर पाय. बेटाभोवती साधारण 13 किलोमीटरचा रस्ता आहे, तो राज्य महामार्ग आहे आणि त्यावर मोटार नाही. आम्ही सेंट इग्नेसला मुक्काम करतो, तिथून फेरीबोट. तिकडे जाताना 1957 साली खुला झालेला आठ किलोमीटरचा मॅकिनॉ पूल लागतो. वारा फार असला की उंच गाड्यांना तिथे सोबतीच्या गाडीबरोबर सावकाश सोडतात, कधी थांबवूनही ठेवतात. हुकावर किती किलो आहेत हे माहीत असलेलं त्या पुलावर बरं.

मामांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "तिथं सायकली भाड्यानं मिळत नाहीत काय?"

मिळतात. धक्क्यावर उतरलं की समोरच दुकानं आहेत. पण उंच सीटवर बसायला आमच्या घरी कुणी तयार नाही, आणि पुढच्या मुक्कामांच्या आसपास दुकान असेलच असंही नाही. मामांना हे उत्तर काही पटलेलं नाही.