आमची वाटचाल : चौदा किलोंचा हिशेब

दापोडीजवळच्या भाड्याच्या शेडमध्ये आम्ही रोइंगच्या (वल्हवण्याच्या शर्यतीच्या) बोटी दुरुस्त करतो. सुरुवात वल्ह्यांपासून झाली. स्लीव्ह (वल्ह्याच्या दांड्यावरचं वेष्टण) बदलणं, कॉलर (त्यावरचं अडकण) सरकवणं, हँडलवर नवी पकड चढवणं. मग रिगर (वल्हं धरणारी, बोटीबाहेर आलेली चौकट), मग हल, म्हणजे बोटीचं अंग. मधली वर्षं बरी गेली, त्यांत लिहिण्यासारखं काही नाही. लिहायचं तर त्या एका पावसाळ्याबद्दल.

एका क्लबची सिंगल स्कल (एकट्याने दोन वल्ह्यांनी चालवायची बोट) आली होती. घाटावर आपटून पुढच्या टोकाकडे वीतभर भाग दबलेला. सुटलेला कार्बन फायबरचा थर कापला, कडा उतरत्या घासल्या, रेझिन-हार्डनर काट्यावर मोजून मिसळलं, कापडाचे थर देऊन व्हॅक्यूम लावला. चूक एकच झाली : आतला हनीकोंब (मधाच्या पोळ्यासारखा हलका गाभा) पुरता सुकला नव्हता. त्या कोशांत शिरलेलं पाणी वरून हात फिरवून कळत नाही, आणि जुलैच्या दमट हवेत नुसत्या पंख्याने ते हटत नाही. पाऊस उघडला, ऊन पडलं, आतलं पाणी तापून दाब वाढला आणि पॅच उचलला गेला.

नव्या बोटी विकणाऱ्या एका मंडळींना तेवढं पुरे झालं. 'दुरुस्तीची बोट म्हणजे पाण्यात पैसे' ही हाकाटी त्यांनी क्लबोक्लबी पोचवली. चार क्लबांचं काम गेलं, भाडं थकलं, घासकामातला आमचा सगळ्यात जुना कारागीर सोडून गेला. त्याच मंडळींनी विकलेल्या बोटींचे वाकलेले रिगर आजही आमच्याकडेच सरळ होतात. येतात मात्र तिसऱ्याच्या हातून.

एक गिऱ्हाईक हललं नाही. त्यांना आम्ही सर म्हणतो, एके काळचे राष्ट्रीय विजेते. बरगडीला चीर गेली (वल्ही ओढणाऱ्यांचं हे नेहमीचं दुखणं), परत उतरले, परत गेली, मग प्रशिक्षक झाले. ते शेडमध्ये आले ते स्प्रिंग काटा घेऊनच. आमची दुरुस्त सिंगल भरली 15 किलो 300 ग्रॅम. स्पर्धेत सिंगलला किमान 14 किलो लागतात. कमी भरली तर वजन बांधता येतं, जास्तीचं ओझं मात्र पोरगं 2000 मीटर ओढत नेतं. सरांनी बोट ठेवलं ते पुट्टीवर. खड्डा लपवायला आम्ही ती थापत होतो. तेव्हापासून पुट्टी फक्त केसाएवढ्या रेघेला. खड्डा असेल तर हनीकोंबचा तुकडा बसवायचा. आणि बोट आली की आधी वजन, मग ताडपत्रीच्या तंबूत 40-45 अंशांवर सुकवण. सकाळ-संध्याकाळ काटा. आकडा उतरायचा थांबला की मगच रेझिन उघडायचं.

सरांची एक खोड आम्ही मोडली, हेही लिहायला हवं. विजेता प्रशिक्षक झाला की स्वतःचंच रिगिंग (बोट-वल्ह्यांच्या जुळणीची मापं) सगळ्यांना लावतो. 160 सेंमी स्पॅन (दोन बाजूंच्या पिनांमधलं अंतर), 288 सेंमीची वल्ही, त्यांतलं 88 इनबोर्ड (हँडलपासून कॉलरपर्यंत), गेट (पिनवर फिरणारी, वल्हं अडकवायची खाच) सीटपासून 17 सेंमी वर. पन्नास किलोची मुलगी पंचाहत्तर किलोवाल्याच्या बोटीत बसली की बोट पाण्यावर जास्त तरंगते आणि गेट पाण्यापासून वर जातं. पातं पुरतं झाकायला तिला हँडल छातीशी आणावं लागतं. सर तिच्या हातांना दोष देत होते. आम्ही पिनवरचे वॉशर वरखाली करून गेट सेंटिमीटरभर उतरवलं, वल्हं चार सेंमी आखूड केलं. पिच, म्हणजे पाण्यातल्या पात्याचा उभ्या रेषेपासूनचा कल, चार अंशांच्या आसपास ठेवावी. फार कमी केली तर पातं खोल घुसून अडकतं, जास्त केली तर ओढीच्या शेवटी वरच निसटतं.

बजरंगलाल ताखर यांनी 2010च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत सिंगलमध्ये सुवर्ण जिंकलं, पुढे तेही प्रशिक्षणात आले. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ 2016च्या रिओत सिंगलमध्ये तेरावा आला, 2018ला क्वाडमध्ये (चौघांच्या बोटीत) आशियाई सुवर्ण. वर्तमानपत्रांत त्याची विहिरी खणण्याची मजुरी आली, ती यायलाच हवी. पण पोडियमवरच्या माणसाखालची पिच कुणी मोजली होती, हे कुणी विचारत नाही. असो.

विचारलं नसलं तरी सांगतो. बोट काठावर आली की हवाबंद कप्प्यांची झाकणं उघडी ठेवा. उन्हात कोंडलेली हवा फुगते आणि डेकचा जोड उकलतो. आमच्याकडे मे महिन्यात सगळ्यात जास्त काम ह्याचंच. जलपर्णीतून आलात तर फिन (बोटीच्या तळाची छोटी पट्टी) आधी बघा. अर्गोमीटरचा (काठावर वल्हवण्याचा सराव करायच्या यंत्राचा) डॅम्पर, म्हणजे ओढ जड-हलकी करणारा खटका, दहावर ठेवून मर्दानगी दाखवू नका, पाठ जाते आणि वेग वाढत नाही.

सरांनी तोललेली ती सिंगल अजून पाण्यात आहे. परवा पुन्हा आली, सीटचा ट्रॅक झिजला म्हणून. 14 किलो 400. सरांनी काट्यावर दोनदा तपासलं आणि बिलावर सही करताना तिसऱ्यांदा.