कपाटातल्या वह्या आणि पुण्यातले तीन दिवस

आमच्या उपासना मंदिरामागच्या खोलीत एक लोखंडी कपाट आहे. त्यात गायनमंडळाच्या बासष्ट वह्या, मुखपृष्ठ हरवलेली गीतपुस्तकं आणि दोन खोकी कॅसेटी आहेत. गेल्या पावसाळ्यात वरच्या कप्प्याला ओल आली आणि पाच वह्यांची पानं एकमेकांना चिकटली. त्यातल्या एका वहीवर आधीच कुणीतरी सेलोटेप लावून ठेवली होती. तिचा डिंक पिवळा पडून अक्षरं खात होता. पंचांच्या बैठकीत मी म्हटलं, मला तीन दिवस पुण्याला जाऊ द्या. जुने कागद सांभाळणारी माणसं तिथं आहेत, त्यांना विचारून येते.

नगरहून जानेवारीत निघाले. तुम्हीही हिवाळ्यातच जा, कारण जुने कागद घेऊन पावसाळ्यात प्रवास करणं धोक्याचं आहे. सगळं कपाट उचलून नेऊ नका. मी दोनच वह्या नेल्या. धुतलेल्या मलमलीत गुंडाळून, दोन पुठ्ठ्यांमध्ये धरून डब्यात ठेवल्या आणि तो डबा एसटीत शेवटपर्यंत मांडीवर होता. बाकीच्यांचे फोटो फोनमध्ये होते. पाळकसाहेबांनी मंडळीच्या लेटरहेडवर दिलेलं पत्र आणि आधारची प्रतही बरोबर ठेवा. कुठल्याही हस्तलिखित संग्रहात जाण्याआधी फोन करा, आपण काय शोधतोय ते एका परिच्छेदात लिहून कळवा. मी कळवलं होतं, म्हणून तीन दिवस पुरले.

पहिला मुक्काम नगर रस्त्यावरच्या एका धर्मविद्यालयाच्या ग्रंथालयात होता. वाघोलीच्या कोंडीत तास गेला, पण रामवाडीपाशी उतरलं की पुढं मेट्रो आहे, डेक्कनपर्यंत रिक्षाची गरज पडत नाही. तिथल्या फादरांनी लॅटिन गायनाची जाडजूड पुस्तकं काढून दाखवली. चार रेघांची स्वरलिपी, त्यावर चौकोनी स्वर. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२ ते १९६५) मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, लोकांच्या भाषेत होऊ लागला आणि ही पुस्तकं हळूहळू फडताळात गेली. छापील पुस्तक जगात अनेक ठिकाणी मिळेल, पण त्यात पेन्सिलीनं केलेल्या खुणा फक्त याच प्रतीत असतात, असं फादर म्हणाले. श्वास कुठं घ्यायचा, कुठलं कडवं गाळायचं, कुणी कुठला भाग म्हणायचा, हे सगळं त्या खुणांत असतं. तेव्हा ‘फाटकी प्रत आहे, दुसरी आणू’ असं म्हणून पुस्तक रद्दीत देऊ नका.

फादरांनीच मला रिझमची (RISM) माहिती दिली. जगभरच्या ग्रंथालयांतल्या, चर्चमधल्या आणि मठांतल्या संगीताच्या मूळ साधनांची नोंद करण्यासाठी १९५२ मध्ये हे आंतरराष्ट्रीय काम सुरू झालं. मठाच्या कपाटात ‘मिस्सा’ एवढंच शीर्षक असलेली हस्तलिखितं ढिगानं असतात. रचनाकाराचं नाव नसतं, किंवा नक्कल उतरवणाऱ्यानं चुकीचं लिहिलेलं असतं. मग कुठली रचना कुठली, हे ओळखायचं कसं? रिझमच्या नोंदीत रचनेचे सुरुवातीचे स्वरच लिहिलेले असतात. शीर्षक बदलेल, नाव बदलेल, पण पहिले दहा-बारा स्वर जुळले की ऑस्ट्रियातल्या मठातलं पान आणि पोलंडमधल्या चर्चमधलं पान एकाच रचनेचं आहे हे कळतं. ते स्वर साध्या टंकलेखनात लिहिता यावेत म्हणून १९६४ मध्ये एक सांकेतिक पद्धत तयार झाली. आजही तीच वापरतात.

हे ऐकताना मला आमच्या गीतपुस्तकातल्या ‘चाल’ या शब्दाची आठवण झाली. गीताच्या डोक्यावर ‘चाल : अमुक पदाची’ असं लिहिलेलं असतं. १८८० मध्ये पुण्यात किर्लोस्करांचं ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आलं आणि नाटकातल्या पदांच्या चाली घरोघर गेल्या. त्या काळी पदाची पहिली ओळ लिहिली की गाणाऱ्याला चाल कळायची. आज ते मूळ पदच कुणाला येत नाही. किल्ली आहे, पण कुलूपच हरवलंय. आपल्या यादीत गीताची पहिली ओळ आणि कवीचं नाव लिहून आपण काम झालं असं समजत असू, तर चाल आपण हरवू दिली असं मला वाटतं, आणि तसं मी फादरांना म्हटलंसुद्धा.

दुसऱ्या दिवशी भांडारकर संस्थेत गेले. मुंबई सरकारनं १८६६ पासून गोळा केलेली हस्तलिखितं १९१७ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेकडे आली. त्या संग्रहाच्या वर्णनात्मक सूचीचा बारावा खंड अलंकार, संगीत आणि नाट्य या विषयांचा आहे. परशुराम कृष्ण गोडे यांनी तो तयार केला, १९३६ मध्ये छापला गेला. तो मी टेबलावर उघडून बसले आणि दोन तास उठले नाही. प्रत्येक पोथीचा आकार, किती पत्रं, पानावर किती ओळी, ओळीत किती अक्षरं, लिपी, कागदाची अवस्था, काळ, कर्ता. आणि मग आरंभाची ओळ आणि अंताची ओळ. मठातल्या संगीताची नोंद करणारे स्वरांच्या बाबतीत जे करतात, तेच इथं शब्दांच्या बाबतीत आधीच झालेलं होतं! आम्हाला या दोन्ही रीती एका कार्डावर आणायच्या आहेत, एवढंच. ज्यांच्या मंडळीत यादीला सुरुवात करायची आहे, त्यांनी हा खंड एकदा डोळ्यांखालून घालावाच.

कागदाबद्दल तिथं आणि नंतर एका पोथी दुरुस्त करणाऱ्या बाईंकडून जे कळलं, ते असं. चिकटलेली पानं ओढायची नाहीत. वही ओली असेल तर सावलीत, पंख्याखाली, उभी करून पानं किंचित उघडी ठेवायची. ओल राहिली तर दोन दिवसांत बुरशी धरू लागते, त्यामुळे लगेच सुकवणं जमत नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून डीप फ्रीजरमध्ये ठेवायची. मग वेळ मिळतो. लॅमिनेशन कधीही नाही, कारण ते परत काढता येत नाही. फाटलेल्या पानाला जपानी टिश्यू आणि गव्हाच्या स्टार्चची खळ, तीही शिकलेल्या हातानं. तपकिरी पडलेली जुनी शाई बहुधा लोहयुक्त असते, ती कागद जाळते आणि पाण्यानं पसरते, म्हणून तिला ओलसर काहीच लावायचं नाही. क्रमांक टाकायचा तो मऊ पेन्सिलीनं, शाईनं नव्हे. पांढरे हातमोजे मी मुद्दाम नेले होते, पण बाईंनी ते बाजूला ठेवायला लावले. स्वच्छ धुऊन कोरडे केलेले हात बरे, मोज्यानं पान नीट हाताला लागत नाही आणि फाटतं.

डांबराच्या गोळ्यांपेक्षा कपाट भिंतीपासून वीतभर पुढं ओढणं जास्त महत्त्वाचं. वेखंडाचे तुकडे आणि कडुनिंबाचा पाला पोथ्यांच्या रुमालात ठेवण्याची आपली जुनी रीत आहे, ती खुशाल पाळा, पण पाला कागदाला लागू देऊ नका, डाग पडतात. वेष्टनाच्या कागदासाठी शिवाजीनगरला हातकागद संस्थेत चौकशी केली. हातकागद म्हणजे आम्लमुक्तच असतो असं नाही. खळ कसली लावलीय, तुरटी वापरलीय का, हे विचारून घ्या.

अप्पा बळवंत चौकाजवळ आनंदाश्रम आहे, जुने संस्कृत ग्रंथ छापणारी संस्था. तिथं मी अर्धा तासच होते. ‘संगीतरत्नाकर’ हा संगीतावरचा जुना संस्कृत ग्रंथ याच संस्थेनं १८९६ मध्ये छापायला घेतला, मंगेश रामकृष्ण तेलंगांच्या संपादनाखाली. एवढ्यासाठी पायरी चढून यावंसं वाटलं.

तिसरा दिवस गुरुवार पेठेतला. पंचहौदाच्या चर्चचा स्वतंत्र घंटामनोरा लांबून दिसतो. १८९० च्या चहा-प्रकरणामुळे (रानडे, लोकमान्य टिळक वगैरे मंडळींनी मिशनमध्ये चहा घेतल्यावरून उठलेला वाद) ही जागा पुणेकरांना वेगळ्याच कारणानं माहीत आहे. मी मात्र जवळच राहणाऱ्या एका आजींना भेटायला आले होते. ब्याऐंशी वर्षांच्या, आयुष्यभर गायनमंडळात. मी वहीतलं ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचं एक भजन त्यांच्यापुढं धरलं आणि सॉल्फा, म्हणजे डो-रे-मी अक्षरांत लिहिलेली चाल, वाचून गुणगुणले.

“अगं, ही चाल इथली नाही,” आजी म्हणाल्या. “तुमच्या नगरकडं कीर्तनाच्या अंगानं म्हणतात. आम्ही असं म्हणायचो.” आणि त्यांनी तेच शब्द सर्वस्वी वेगळ्या चालीत म्हटले. मधल्या ओळीत कोमल निषाद लागला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. नुसत्या पहिल्या ओळीच्या यादीत या दोन चाली एकच गीत ठरल्या असत्या.

चाल कागदावर घेताना एक सावधगिरी बाळगा. सरगम लिहिण्याच्या दोन पद्धती आहेत. स्वरावरचा बिंदू भातखंडे पद्धतीत तार (वरचं) सप्तक दाखवतो, तर पलुसकर पद्धतीत मंद्र (खालचं). पुण्यात दोन्ही परंपरांत शिकलेली माणसं भेटतात. तेव्हा प्रत्येक वहीच्या नोंदीत कुठली स्वरलिपी आहे ते आधी लिहा. सॉल्फामध्ये ‘डो’ चल असतो, म्हणजे आपल्या ‘सा’सारखाच, त्यामुळे पट्टीही नोंदवा. आवाज ध्वनिमुद्रित करताना आधी गाणाऱ्याची परवानगी, मग तारीख, गाव आणि चाल कुणाकडून शिकली ते, त्यांच्याच तोंडून. आजींनी आपल्या आत्याचं नाव सांगितलं. कवीच्या हक्काचा प्रश्न बऱ्याच जणांना पडतो. आपल्याकडे कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो. ना. वा. टिळक १९१९ मध्ये वारले, त्यांच्या शब्दांची अडचण नाही. नंतरच्या कवींचं मात्र तपासून घ्या.

एक गोष्ट परत आल्यावर लक्षात आली. युरोपातल्या मठांत गायनाची जुनी चर्मपत्रं निरुपयोगी झाली की पुस्तकबांधणीत वापरली जात, आणि आज त्या पुठ्ठ्यांतूनच हजार वर्षांपूर्वीच्या स्वरखुणा सापडतात, असं फादर बोलले होते. मी आमच्या फाटलेल्या वह्यांची कव्हरं टाकायला काढली होती. ती परत आणली. एकाच्या आतल्या बाजूला ‘ज्ञानोदय’ या जुन्या ख्रिस्ती नियतकालिकाचं पान चिकटवलेलं आहे, दुसऱ्याच्या आत पेन्सिलीनं सरगमची दीड ओळ.

आता कार्डावर नऊ रकाने आहेत : क्रमांक, वही कुणाची, पानं, अवस्था, स्वरलिपी, पट्टी, शब्दांचा आरंभ, स्वरांचा आरंभ, गाणारं माणूस. अकरा वह्या झाल्या, एक्कावन्न राहिल्या. आजींनी फेब्रुवारीत पुन्हा बोलावलंय. त्यांच्या आत्याकडून आलेल्या आणखी सहा चाली आहेत म्हणाल्या, पण सकाळी दहाच्या आधी ये, नंतर आवाज बसतो.