पडलेल्या फणसाची पेनं: माझा अनुभव

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात आमच्या कोकणातल्या परसातला फणस मुळासकट आडवा झाला. (गावाचं नाव सांगत नाही. त्याच वन कार्यालयात पुन्हा जायची वेळ यायची.) मी पुण्यात लेथवर लाकडी पेनं करतो. पेन ब्लँक म्हणजे साधारण १९ बाय १९ मिलिमीटरची, १३० लांबीची चौकोनी कांडी. तिला आरपार भोक पाडायचं, पितळी नळी चिकटवायची आणि लेथवर चढवायची. सागाच्या कांड्यांना कोण विचारतं? फणस मात्र ताजा कापला की हळदीसारखा पिवळा असतो आणि हळूहळू तांबूस होत जातो. तंबोऱ्याच्या लाकडाचं पेन म्हटलं की लोक हात पुढे करतात.

उत्साहाच्या भरात गावीच उसन्या बँडसॉवर एका ओंडक्याच्या २०० कांड्या पाडल्या. दोन ओंडके तसेच ठेवले, तेही केवळ पाठ दुखायला लागली म्हणून.

वृक्षतोडीच्या १९६४ च्या राज्य कायद्याच्या यादीत फणस आहे, साग-खैराच्या पंगतीला. वादळाने पाडला असला तरी पंचनामा हवा, आणि माल पुण्याला न्यायचा तर वाहतूक परवाना. वन कार्यालयात गेलो, तर कारकुनांनी विचारलं,

"मालाचं वर्णन?"

"पेनाच्या कांड्या."

"पेन्सिलीचा कारखाना आहे का तुमचा?"

"नाही हो, छंद आहे."

छंदाला अर्जात रकाना नव्हता. परिमाण घनमीटरमध्ये लिहायचं. मी मोबाइलवर हिशेब केला, दोनशे कांड्यांचे ०.००९४ घनमीटर. त्यांनी ०.०१ लिहिलं आणि म्हणाले, "एवढ्यासाठी आलात?"

मग सातबारा निघाला. सामाईक. अकरा नावं, त्यातली तीन वारलेली. हयात असलेल्यांची संमतीपत्रं, वारलेल्यांच्या वारसांची वेगळी. डोंबिवलीच्या काकांनी सहीआधी विचारलं, "फणसाचे किती आले रे?" तोवर एकही रुपया आला नव्हता, हे त्यांना अजून पटलेलं नाही. बडोद्याच्या आत्याने कागद पाठवला तो सहीविना. दर खेपेला पुण्याहून रातराणीने जायचं, सकाळी दाराशी उभं राहायचं आणि ऐकायचं, "साहेब फिरतीवर आहेत." पाच खेपा झाल्या.

सहाव्या खेपेला वनपाल घरी आले. पिशवीतून शिक्क्याचा हातोडा काढला, दोन्ही ओंडक्यांवर ठण्णकन मारला आणि कांड्यांच्या ढिगाकडे वळले. एक कांडी उचलली, उलटीपालटी केली.

"यावर कुठे मारू? फुटेल की."

ओंडक्यांना परवाना मिळाला. कांड्या माळ्यावर गेल्या.

तेव्हा आधी शिक्का, मग करवत. अर्जात 'कांड्या' हा शब्द काढूच नका, 'फणस, गोल लाकूड, नग २' लिहा आणि ते खरंच तसं असू द्या. वारस नोंदीचं काम तर झाड उभं असतानाच उरकून घ्या. आमच्या घरात हे कोणी ऐकत नाही, तो भाग वेगळा.

बाकी सोपं आहे. पुण्यात कापलं ते बरंच झालं, कारण कोकणात पावसाळ्यात लाकडाची ओल मोजणाऱ्या मॉइश्चर मीटरचा काटा १८ टक्क्यांच्या खाली येईना आणि मला बारा टक्क्यांच्या आत हवं होतं. थोड्या कांड्या लाकडाच्या रेषांना तिरक्या कापल्या, विकायला काढल्यावर त्याच आधी खपल्या. दहाचं पाकीट करतो, कुरियरला हलकं पडतं. विकताना फोटो दोन टाका, एक कोरड्या कांडीचा आणि एक ओला हात फिरवून, म्हणजे पॉलिशनंतरचा रंग कळतो. हां, आणि कापल्याबरोबर दोन्ही टोकं वितळलेल्या मेणात बुडवा. पहिल्या खेपेच्या पंधरा-वीस मी नुसत्याच ठेवल्या, टोकं तडकून गेली.

माळ्यावरच्या दोनशेंपैकी आता साठेक उरल्या असतील. आई बंबात घालते. झटकन पेटतात म्हणे.