ऑफिसवाला स्वस्त लाइफ सिम्युलेशन गेम: माणसं वाढवण्याआधी अंतर मोजा

ऑफिसवर बेतलेला एखादा स्वस्तातला लाइफ सिम्युलेशन गेम सुरू केला की पहिली तक्रार ठरलेली असते: माणसं कामच करत नाहीत. कॉफीकडे जातात, गप्पा मारतात, टॉयलेटच्या दाराशी ताटकळतात, आणि संध्याकाळ झाली तरी काम होतं तिथेच. मग आपण जास्त पगाराचा माणूस घेतो, भारी कॉम्प्युटर घेतो आणि गल्ला रिकामा होतो. या गेममध्ये पैसे खरे बुडतात ते चालण्यात आणि रांगेत. तिथे आधी लक्ष द्यायला हवं.

या प्रकारच्या बहुतेक गेमचा सांगाडा ‘द सिम्स’वरून आलेला आहे. मॅक्सिसच्या त्या २००० सालच्या गेममध्ये प्रत्येक पात्राच्या आठ गरजा होत्या: भूक, आराम, स्वच्छता, टॉयलेट, झोप, करमणूक, सोबत आणि खोलीचा टापटीपपणा. गेममधलं एक मिनिट म्हणजे आपला एक सेकंद, म्हणजे अख्खा दिवस २४ मिनिटांत उरकतो. मात्र तिथे पात्र कामावर गेलं की पडद्यावरून नाहीसंच होतं. ऑफिसवाल्या गेममध्ये नेमका तोच भाग आपल्या हातात येतो. त्याच वेगाने मोजलं तर नऊ ते पाचची पाळी आपल्या घड्याळात फक्त आठ मिनिटांची असते. त्यात प्रत्येक फेरी महागात पडते.

हिशेब करून बघा. समजा एक टाइल, म्हणजे जमिनीवरचा एक चौकोन, चालायला गेममधलं एक मिनिट लागतं आणि टेबलापासून टॉयलेट १५ टाइल लांब आहे. जाऊन-येऊन ३० मिनिटं. दिवसात तीन फेऱ्या म्हणजे ९० मिनिटं, आणि दहा माणसं असतील तर ९०० मिनिटं. एका माणसाची पाळी ४८० मिनिटांची, म्हणजे जवळजवळ दोन माणसांचा पूर्ण पगार नुसत्या चालण्यावर गेला. तेच अंतर पाच टाइलवर आणलं तर ३०० मिनिटांत भागतं. वाचलेली ६०० मिनिटं एका नव्या माणसापेक्षा जास्त आहेत, आणि त्यासाठी फक्त एक भिंत हलवावी लागली. तुमच्या गेममधला आकडा वेगळा असेल. वेग सर्वांत कमी ठेवा, एका कर्मचाऱ्यावर कॅमेरा लावा आणि तो टेबलावरून उठल्यापासून परत बसेपर्यंतचा वेळ गेमच्या घड्याळात मोजा. भिंती घालण्याआधी हे एकदा कराच.

दुसरी गोष्ट रांगेची. समजा आठ जणांना एकाच सकाळी कामावर घेतलं, की सगळ्यांच्या गरजा दाखवणाऱ्या पट्ट्या एकाच पातळीवरून आणि एकाच गतीने उतरतात. साहजिकच आठही जण एकाच वेळी टॉयलेटकडे निघतात. एकाला दहा मिनिटं लागत असतील आणि टॉयलेट एकच असेल, तर शेवटच्याला ७० मिनिटं थांबावं लागतं. दोन असतील तर ३०. थांबण्याच्या काळात पट्टी उतरतच राहते, शेवटी फरशी खराब होते, स्वच्छता घसरते, खोलीचा गुण घसरतो आणि शेजारच्यांचाही मूड जातो. एका रांगेतून चार गोष्टी बिघडतात. यावर सोपा उपाय म्हणजे पाळ्या अर्ध्या-अर्ध्या तासाच्या फरकाने सुरू करणं. गेममध्ये वेगळ्या वेळा लावता येत नसतील तर पहिल्या दिवशी निम्म्या लोकांना पट्टी अर्धी उतरली की लगेच हाताने टॉयलेटला पाठवा. एकदा ताल मोडला की तो बरेच दिवस मोडलेला राहतो.

वस्तू कुठे ठेवायच्या हे समजायला पात्रं निर्णय कशी घेतात ते माहीत हवं. ‘द सिम्स’मध्ये प्रत्येक वस्तू आपली जाहिरात करत असते: माझ्याकडे ये, तुझी अमुक गरज इतकी भागेल. पात्र आपल्या रिकाम्या पट्ट्यांशी ते ताडून बघतं. जवळच्या वस्तूचा आवाज मोठा, लांबच्या वस्तूचा क्षीण. शिवाय पात्र दरवेळी पहिल्या क्रमांकाचाच पर्याय घेत नाही, वरच्या काही पर्यायांतून एक उचलतं. म्हणून टीव्ही टेबलांच्या नजरेसमोर ठेवला की कामावरची माणसं उठून तिकडे जातात. तो लांबच्या खोलीत न्या. कॉफी मशीन मात्र जवळ हवं, आणि टॉयलेटच्याच बाजूला, कारण कॉफीने तरतरी वाढते तशी टॉयलेटची पट्टीही लवकर उतरते. एका फेरीत दोन्ही कामं झाली पाहिजेत. मशीनसमोर दोन माणसं उभी राहतील एवढी जागा सोडली तर गप्पांची गरजही तिथेच भागते.

खरेदीत माझं मत ठाम आहे: पहिले पैसे खुर्चीवर घाला. स्वस्त वस्तू पट्टी हळू भरते, म्हणजे माणूस तिच्यापाशी जास्त वेळ अडकतो. स्वस्त सोफ्यावर जाणारा वेळ हा लपलेला खर्च आहे. चांगली खुर्ची आरामाची पट्टी काम चालू असतानाच भरत राहते, त्यामुळे आरामासाठी कोणी उठतच नाही. दर तासाला माणूस उठून जाणार असेल तर भारी कॉम्प्युटर शोभेपुरताच राहतो.

वाट अडण्याचे प्रकारही ओळखून ठेवावेत. खुर्ची मागच्या भिंतीला टेकली की बसायला जागाच उरत नाही. पात्र हात उडवून तक्रार करतं आणि आपल्याला कारण कळत नाही. खुर्चीमागे एक टाइल मोकळी ठेवा. बोळ दोन टाइल रुंद घ्या, कारण एका टाइलच्या बोळात समोरासमोर आलेली दोन माणसं एकमेकांना अडवून उभी राहतात. कुंडी कोपऱ्यात ठेवा, वळणावर नको.

नवा माणूस केव्हा घ्यायचा? वेग तिप्पट करून सलग दोन दिवस काही न करता बघा. कोणाचीही पट्टी लाल झाली नाही तर घ्या. एक जरी झाली, तर त्याच जागी नवा माणूसही अडकेल.

आता तांत्रिक अडचणी. जुन्या स्वस्त सीडीवरचा गेम नव्या मशीनवर उघडतच नसेल तर सेफडिस्क हे कॉपी-संरक्षण तपासा. त्याचा ड्रायव्हर विंडोज १० मध्ये चालत नाही, आणि सप्टेंबर २०१५ च्या अपडेटने तो आधीच्या विंडोजवरही बंद झाला. त्या सीडीशी झगडण्यात अर्थ नाही, त्याच गेमची डिजिटल आवृत्ती शोधा. माणसं अचानक पळायला लागली तर गेमचा वेग फ्रेमला, म्हणजे पडद्यावर दर सेकंदाला उमटणाऱ्या चित्रांच्या संख्येला, बांधलेला आहे असं समजा: सेकंदाला ६० चित्रांसाठी बनवलेला गेम १४४ हर्ट्झच्या मॉनिटरवर धावतो. ग्राफिक्स ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये ६० ची मर्यादा घाला. सेव्ह फाइल गेमच्या फोल्डरमध्ये दिसत नसेल तर अ‍ॅपडेटामधल्या लोकलच्या आत व्हर्च्युअलस्टोअर नावाचं फोल्डर बघा. व्हिस्टापासून विंडोज, प्रोग्राम फाइल्समध्ये लिहू पाहणाऱ्या जुन्या सॉफ्टवेअरच्या फाइली तिकडे वळवतं. बॅकअप त्याच फोल्डरचा घ्या.

सेव्ह तीन जागांवर आळीपाळीने करा, आणि सगळे टेबलावर बसलेले असतानाच करा. मधल्या कृतीत सेव्ह केलं तर काही गेममध्ये वस्तू ‘वापरात आहे’ अशी नोंद राहून जाते. आत कोणी नसतं, तरी दाराशी रांग लागलेली असते. अशा वेळी ती वस्तू बांधकामाच्या मोडमध्ये उचलून एक टाइल बाजूला ठेवा. तरी रांग हलली नाही तर विकून तिथेच नवी घ्या.