माझा अनुभव: सहा खंड, सहा कुपनं आणि एक रिकामी पेटी

ॲनिमे (जपानी ॲनिमेशन) मालिकेचे सगळे ब्लू-रे खंड घेणाऱ्याला भेट मिळते ती पेटी शेवटी आली. पुठ्ठ्याची, सहा ब्लू-रे मावतील एवढी, बाहेरून नवं चित्र, आतून रिकामी. टोकियोत दोन-तीन वर्षांच्या कामावर येऊन ॲनिमेचे जपानी ब्लू-रे जमवणाऱ्यांनी त्या पेटीच्या नादी लागण्याआधी हे वाचावं.

आधी किमतीचं. जपानात 12 भागांची मालिका बहुधा दोन-दोन भागांच्या सहा खंडांत विकतात, साधारण महिन्याला एक. खंडाची छापील किंमत 7,000 येन धरा. 10 टक्के विक्रीकर धरून 7,700, सहांचे 46,200. अमेरिकेत अख्खा सीझन एका डब्यात याच्या कितीतरी कमी पैशांत मिळतो. कुठली डिस्क कुठल्या देशातल्या प्लेअरवर चालेल ते ब्लू-रेच्या विभागावर ठरतं, आणि दोन्ही देश 'ए' विभागात असल्यामुळे तो जपानी प्लेअरवर चालतोही, पण काही डिस्कवर जपानी आवाज निवडला की इंग्रजी सबटायटल बंदच करता येत नाहीत. जपानी डिस्कवर इंग्रजी सबटायटल असतीलच असं नाही, ते वेगळं.

पुस्तकं आणि सीडी जपानात ठरलेल्या किमतीलाच विकाव्या लागतात. ब्लू-रेला तो नियम नाही, त्यामुळे ऑनलाइन 20 ते 25 टक्के सूट सर्रास असते. 25 टक्के सूट धरली तर वरचा संच 34,650 ला पडतो, म्हणजे 11,550 येन वाचले.

आता पेटी. 'झेनकान कोन्यू तोकुतेन' म्हणजे सगळे खंड घेणाऱ्याला मिळणारी भेट, आणि ती दोन प्रकारची असते. दुकानाची भेट हवी असेल तर सगळे खंड त्याच दुकानात घ्यायचे किंवा 'झेनगाकु उचिकिन' म्हणजे पूर्ण रक्कम आगाऊ भरून बुक करायचे. तिथे सूट सहसा नसते, मग ते 11,550 हीच पेटीची किंमत समजा. निर्मात्याची भेट असेल तर प्रत्येक खंडातलं 'ओबोकेन', म्हणजे अर्जाचं कुपन, जमवून पाठवायचं. डिस्क कुठूनही घ्या, कुपन तेच. म्हणजे सूटही मिळते आणि पेटीही. माझी दुसऱ्या प्रकारची होती, आणि घोडं तिथेच अडलं.

तिसरा खंड मी जुना घेतला होता. डिस्क स्वच्छ, पुस्तिका जागेवर, वर बोटभर चिठ्ठी: 'ओबोकेन नाशी'. 'नाशी' म्हणजे नाही. पहिल्या मालकाने कुपन कापून कधीच वापरलं होतं. निर्मात्याच्या मदत-विभागाचं उत्तर दोन ओळींचं: कुपन पुन्हा दिलं जात नाही. नवीन खंड घ्यायला जावं तर पहिल्या छपाईची मर्यादित आवृत्ती संपलेली, आणि उरलेल्या साध्या आवृत्तीत कुपन नव्हतंच. शेवटी न उघडलेली जुनी प्रत शोधावी लागली, तीही छापील किमतीच्या वर. सूट तिथेच फिटली. जुना माल घेताना वर्णनात 'मिकाइफू' (न उघडलेला) किंवा 'ओबोकेन आरी' (कुपन आहे) लिहिलेलं नसेल तर कुपन नाही असंच धरा.

कुपनं पोस्टकार्डावर चिकटवायची होती. टपालखात्यातलं कार्ड 85 येनचं, ऑक्टोबर 2024 पासून. कुपन सगळीकडून सपाट बसलं पाहिजे आणि कार्डाचं एकूण वजन 6 ग्रॅमच्या आत हवं. कडा उचललेल्या असतील किंवा वजन वाढलं तर कार्ड पत्राच्या दरात मोजतात. सेलोटेपचे थर देऊ नका, पातळ गोंद पुरे. सूचनेत पाकीट चालेल असं असेल तर बिनधास्त पाकीट करा, 50 ग्रॅमपर्यंत 110 येन. वर 210 येन भरून 'तोकुतेई किरोकु' केलं की टपाल स्वीकारल्याची नोंद राहते. पाच महिने पेटीचा पत्ता नसताना हातात तेवढाच एक कागद होता.

मुदतीचे शब्द नीट वाचा. 'तोजित्सु केशिइन युको' म्हणजे त्या तारखेचा शिक्का चालतो, 'हिच्चाकु' म्हणजे त्या तारखेपर्यंत तिथे पोचलंच पाहिजे. माझ्या सूचनेत पहिला होता, तरी रस्त्यावरच्या टपालपेटीत शेवटच्या उचलणीनंतर टाकलेल्या कार्डावर दुसऱ्या दिवसाचा शिक्का बसतो. शेवटच्या दिवशी मोठ्या टपाल कार्यालयाची 'यूयू' खिडकी (नेहमीच्या वेळेनंतरही चालू असणारी) गाठा आणि शिक्का डोळ्यांसमोर मारून घ्या.

नाव दाराच्या पाटीवर आहे त्याच काताकानात (परकी नावं लिहायच्या जपानी लिपीत) लिहा. पाटीवर वेगळं नाव दिसलं तर पार्सल परत जातं. भेट फक्त जपानातल्या पत्त्यावर येते. घर बदललं तर टपालखात्याला कळवून एक वर्ष टपाल नव्या पत्त्यावर वळवता येतं, पण तेही जपानातच. शेवटच्या खंडानंतर लवकरच परतीचं तिकीट असेल तर कार्डावर सुरुवातीलाच इथे राहणाऱ्या मित्राचा पत्ता टाका, आणि पार्सल आलं तर परत पाठवू नये म्हणून त्याच्या पाटीखाली तुमचं नाव चिकटवून घ्या.

हो, आणि पुण्या-मुंबईला नेणार असाल तर भारत 'सी' विभागात येतो. तिथल्या प्लेअरवर 'ए' चालेलच असं नाही, फोर-के डिस्कला मात्र विभागच नसतो. इथून प्लेअर नेणार असाल तर त्याच्या मागे फक्त 100 व्होल्ट लिहिलंय का ते बघा. तसं असेल तर 230 चे 100 करणारा ट्रान्सफॉर्मर घेतल्याशिवाय तो तिकडे भिंतीत खुपसू नका.